चाकाखालची फळी

गावकीच्या जुन्या भाषेत वस्तीच्या जागेला पांढरी आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात. छिंदवाडा जिल्ह्यातून २०२३ साली अलग झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलांत, मोटारगाडीची खरी परीक्षा पांढरी संपून काळी सुरू होते तेथे होते. नागपूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता पांढुर्ण्यावरून जातो, छिंदवाड्याकडे जाणारा सौंसरवरून. हे दोन्ही रस्ते पक्के आहेत. पण ते सोडून संत्र्याच्या बागेकडे जाणारी पांदण धरली आणि वर पाऊस झालेला असला, की भल्या गाडीचेही चाक रुतते. अलीकडे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या कॅम्पर व्हॅन घेऊन लोक आडवाटेने फिरू लागले आहेत. अशा गाडीत रुतलेल्या चाकाखाली घालावयाची फळी, म्हणजे रिकव्हरी बोर्ड, कोणती असावी हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

प्रथम माती ओळखली पाहिजे. काळी माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे बारीक कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. म्हणून तिला भेगा पडतात. ओली झालेली ही माती टायरच्या खाचांत भरते. खाचा बुजल्या की टायर गुळगुळीत होतो व जागच्या जागी फिरू लागतो. फिरणारे चाक स्वतःचाच खड्डा खणते आणि अखेर गाडीचे पोट जमिनीला टेकते.

यावर शेतकऱ्याचा उपाय जुना आहे. बंडी रुतली की चाकापुढे पऱ्हाट्या, तुराट्या किंवा दगड घालावयाचे. फळीचे तत्त्व याहून निराळे नाही. राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याने ईजिप्त व लिबियाच्या वाळवंटांतील प्रवासात पोलादी पन्हळी चाकांखाली घातल्या. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्ट्यांसाठी भोके पाडलेले पोलादी पत्रे निघाले. पुढे तेही मोटारींना उपयोगी पडले. आजची दातेरी नायलॉनची फळी ऑस्ट्रेलियात २००५ च्या सुमारास रूढ होऊ लागली.

फळी भार पसरते. तीन टनांच्या गाडीच्या एका चाकावर सरासरी ७५० किलो भार येतो. टायर जमिनीला ३०० चौरस सेंटिमीटर टेकला आहे असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर अडीच किलो दाब होतो. ११५ सेंटिमीटर लांब व ३३ सेंटिमीटर रुंद फळीचे क्षेत्रफळ सुमारे ३,८०० चौरस सेंटिमीटर भरते. तिच्यावर तोच भार दर चौरस सेंटिमीटरला दोनशे ग्रॅमवर येतो. प्रत्यक्षात फळी वाकते म्हणून इतका लाभ मिळत नाही. तरी आखूड फळीपेक्षा लांब फळी चिखलात का बरी, हे यावरून कळते.

निवड करताना गाडीचे वजन भरलेल्या स्थितीत धरावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात गॅसची टाकी, बिछाने, भांडी यांची भर पडते. विक्रेता फळीची ताकद सांगेल. पण ती सपाट जमिनीवर टेकलेल्या फळीची की दोन टोकांवर अधांतरी ठेवलेल्या फळीची, हे विचारून घ्यावे. नायलॉनची फळी हलकी असते व गंजत नाही, परंतु ती खड्ड्यावरचा पूल नव्हे. पोलादी फळी दणकट, पण उचलताना जड. मागे जोडचाके असतील तर फळीची रुंदी मोजूनच घ्यावी. कन्हानच्या वाळूत चालणारे बारीक दाते काळ्या मातीत लगेच लिंपले जातात. येथे उंच, विरळ आणि काठीने खरवडून साफ करता येतील असे दाते हवेत. दोन फळ्या ही किमान गरज. जड गाडीला चार असल्यास एक जोडी ओलांडताना दुसरी पुढे मांडता येते. त्या बाहेरून हाताला लागतील अशा ठिकाणी बांधाव्यात.

उत्तम फळीही अडाणी हातांत वाया जाते. चाक फिरू लागताच थांबावे. फावड्याने चाकापुढचा व पोटाखालचा चिखल काढावा, टायरमधील हवा थोडी कमी करावी आणि ज्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो त्यांच्याखाली फळी घट्ट सरकवावी. मग अगदी सावकाश निघावे. चाक फळीवर गरगरले तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनचे दाते वितळतात. फळी मागे उसळू शकते. म्हणून गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे राहू नये. फळीला रंगीत दोरी बांधली असेल तर चिखलात दडलेली फळी सापडते. पक्क्या रस्त्यावर येताच टायरमध्ये पुन्हा हवा भरावी.

पांदण ही बागाईतदाराची एकमेव वाट असते. पावसाळा सरताना आंबिया बहाराची संत्री उतरू लागतात. त्या दिवसांत एक गाडी वाटेत रुतली तर मागे मालाने भरलेली गाडी खोळंबते, आणि तिने पाडलेली खोल चाकोरी वाळली की बंडीलाही जाचते. म्हणून फळी जवळ असली तरी पाऊस झाल्यावर पांदणीत शिरण्यापूर्वी खाली उतरावे, थोडे पायी चालून पाहावे आणि बांधावरच्या माणसाला विचारावे. जोड्याला मातीचे ढेकूळ चिकटू लागले, की गाडी पांढरीतच ठेवावी. ही परीक्षा बिनखर्चाची आहे, आणि तिच्यात शहाणा ठरणाऱ्याला फळी क्वचितच काढावी लागते.