काचेचा वाडा, कापडाची दौलत

डर्बीशायरच्या टेकडीवरचा हार्डविक हॉल लांबून पाहिला, की आधी नजरेत भरतात त्या खिडक्या. सोळाव्या शतकात काच म्हणजे चैन, आणि इथे दर्शनी बाजूला दगडाहून काचच जास्त. मानाची दालनं सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणून खिडक्याही वर जाताना उंच होत जातात. सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलंय : ‘ई एस’. एलिझाबेथ श्रूजबरी, हा वाडा बांधवून घेणारी बाई.

तिला बेस म्हणत. ती हार्डविकच्याच एका बेताच्या जमीनदाराची लेक. लग्नं चार झाली आणि लग्नागणिक ऐपत वाढली. स्कॉटलंडची राणी मेरी जिच्या चौथ्या नवऱ्याच्या नजरकैदेत होती, ती हीच. १५९० मध्ये तो वारला आणि साठी ओलांडलेल्या बेसनं हे बांधकाम काढलं. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा, दगड तिच्याच जमिनीतला, हिशेबाच्या वह्यांवर सही तिची स्वतःची. धुराडी आतल्या भिंतींत घेतल्यानं बाहेरच्या भिंती खिडक्यांना मोकळ्या मिळाल्या. या एका युक्तीसाठी मी स्मिथसनला थोर मानतो. १५९७ मध्ये बेस इथे राहायला आली.

आत मात्र राज्य कापडाचं. पन्नास मीटरच्या लांबलचक दालनात बायबलमधल्या गिडियनची कथा विणलेले १३ भित्तिपट आहेत, प्रत्येक सुमारे सहा मीटर उंच. ते बेसनं सर क्रिस्टोफर हॅटन यांच्या वारसाकडून १५९२ मध्ये घेतले. त्यांवरची हॅटन घराण्याची कुलचिन्हं झाकावी लागणार, म्हणून किमतीतून पाच पौंड वजाही करून घेतले!

पुढे तिचे वंशज, डेव्हनशायरचे ड्यूक, चॅट्सवर्थला रमले. हार्डविक दुय्यम ठरलं, म्हणूनच नव्या फॅशनच्या तडाख्यातून सुटलं. १९५० मध्ये दहावे ड्यूक वारल्यावर वारसाकराचा डोंगर उभा राहिला आणि १९५९ मध्ये वाडा नॅशनल ट्रस्टकडे आला.

तिथून खरी झुंज उजेडाशी. बेसनं हौसेनं आत घेतलेलं ऊनच रंग उडवतं, धागे कुजवतं. त्यामुळे आज या खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात. एकेक पट उतरवून बेल्जियममध्ये धुतला गेला, मग नॉरफोकच्या कार्यशाळेत जीर्ण भागांना टाके घालून आधार दिला गेला. २४ वर्षं हे चाललं. शेवटचा पट २०२३ मध्ये पुन्हा भिंतीवर चढला.