पंचवीस सेकंद, सहा फ्रेम

स्नूकर म्हटलं की शेफील्डचं क्रुसिबल थिएटर आणि तिथली सतरा दिवसांची जागतिक स्पर्धा आठवते. तिथे हरला तो घरी. या खेळातल्या बहुतेक मोठ्या स्पर्धा अशाच बाद पद्धतीच्या. साखळी सामन्यांची व्यावसायिक लीग स्नूकरमध्ये दीर्घकाळ चालली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. माझ्या मते खेळाडूची खरी परीक्षा तिनेच घेतली.

बॅरी हर्न यांच्या मॅचरूम कंपनीने 1987 मध्ये ती सुरू केली. नाव मॅचरूम लीग. पुढे तीच प्रीमियर लीग झाली. सुरुवातीला हिशेब सरळ होता: निवडक खेळाडू, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ, सर्वाधिक गुण त्याचं विजेतेपद. पहिली चारही विजेतेपदं स्टीव्ह डेव्हिसने नेली. 1990 पासून वरच्या चौघांचे प्ले-ऑफ आले. मग स्टीफन हेंड्रीचा काळ आला आणि त्यानंतर रॉनी ओ'सलिव्हनचा. रॉनीने ही लीग दहा वेळा जिंकली.

लीगला तिचं खास रूप मिळालं ते 2005 च्या शरदातल्या मोसमापासून. सात खेळाडू, गुरुवारची रात्र, ब्रिटनमधली वेगवेगळी गावं आणि टीव्हीवर थेट प्रक्षेपण. साखळीतला प्रत्येक सामना सहा फ्रेमचा. विजयाला दोन गुण, 3-3 अशा बरोबरीला एक. गंमत अशी की कुणी 4-0 ने पुढे गेला तरी उरलेल्या दोन फ्रेम खेळायच्याच. बाद स्पर्धेत इथे हस्तांदोलन होऊन दिवे मालवले असते. लीगमध्ये मात्र सामना गमावलेल्या खेळाडूला पुन्हा क्यूला खडू लावून उभं राहावं लागे, कारण गुण सारखे झाले तर कुणी जास्त फ्रेम जिंकल्या ते पाहिलं जाई. त्याही सारख्या असल्या तर त्या दोघांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल. तोही 3-3 असेल, तर त्या सामन्यात आधी तीनपर्यंत पोहोचलेला खेळाडू वर! सप्टेंबरातल्या एका बरोबरीत तिसरी फ्रेम कुणी आधी घेतली, यावर नोव्हेंबरात कुणाचा तरी मोसम संपू शकत होता.

त्यात शॉट क्लॉकची भर पडली. चेंडू टेबलावर थांबले की पंचवीस सेकंदांत फटका मारायचा. अडलात तर मोजके टाइम-आउट. एवढ्या वेळात टेबलाला वळसा घालायचा, लाल चेंडूंच्या घोळक्यातून वाट दिसते का ते पाहायचं, चेंडू खिशात घालायचा (पॉट) की प्रतिस्पर्ध्याला अडवायचं (सेफ्टी) ते ठरवायचं, वाकून क्यू दोन-तीनदा पुढे-मागे न्यायचा आणि मारायचं. 1997 च्या जागतिक स्पर्धेत साडेपाच मिनिटांच्या आत 147 चा ब्रेक करणाऱ्या रॉनीला हे घड्याळ मानवलं यात नवल नाही. 2006 च्या अंतिम सामन्यात त्याने जिमी व्हाइटला 7-0 ने धुतलं. पण सेफ्टीचा एकेक फटका मनात घोळवून मारण्यातलं सौंदर्य या घड्याळाने थोडं कापलंच. ते मला आजही खटकतं.

प्ले-ऑफ तर निष्ठुर. साखळीतले सगळे गुण तिथे पुसले जात. उपांत्य लढत आधी पाच फ्रेम जिंकणाऱ्याची, अंतिम आधी सात जिंकणाऱ्याची. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरल्यावर आणखी एक संधी मिळते, इथे तशी सवलत नव्हती. 2009 मध्ये शॉन मर्फीने रॉनीला 7-3 ने हरवलं. 2012 च्या शेवटच्या मोसमात स्टुअर्ट बिंगहॅमने जड ट्रम्पला 7-2 ने नमवलं आणि लीग थांबली. पुढच्या वर्षी तिच्या जागी चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स आली; पुन्हा बाद पद्धत.

तोवर धाकटं भावंड उभं राहिलं होतं. 2008 मध्ये सुरू झालेली चॅम्पियनशिप लीग सुरुवातीला एसेक्समधल्या एका गोल्फ क्लबात होई, प्रेक्षकांविना. तिची रचना मला फार आवडते. सात जणांचा गट, त्यातल्या चौघांचे प्ले-ऑफ, जिंकणारा विजेत्यांच्या गटात. साखळीतले शेवटचे दोघे बाहेर. उरलेले चौघे पुढच्या गटात जात आणि तिथे तीन नवे खेळाडू येऊन मिळत. असे सात गट. त्यांतून पंचवीस खेळाडू जात. एखादा खेळाडू प्ले-ऑफमध्ये हरत-हरत गटामागून गट ओलांडत राही, आणि शेवटी एखादा गट जिंकून विजेत्यांच्या पंगतीत बसू शके. पहिला विजेता जो पेरी या विजेतेपदाच्या जोरावर प्रीमियर लीगमध्ये पोहोचला.

हीच स्पर्धा कोविडमध्ये कामी आली. 1 जून 2020 रोजी मिल्टन कीन्समध्ये रिकाम्या सभागृहात व्यावसायिक स्नूकर पुन्हा सुरू झालं ते हिच्यापासून. चौसष्ट खेळाडू, चार-चारांचे गट, आणि शेवटचा गटही साखळीचाच. बेल्जियमच्या लुका ब्रेसेलने तो जिंकला. तीन वर्षांनी तो क्रुसिबलमध्ये जगज्जेता झाला.

हा खेळ आपल्यालाही परका नाही. स्नूकरचा जन्म 1875 मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश छावणीत झाला असं मानतात. मुंबईच्या यासीन मर्चंट यांनी भारतीयांसाठी व्यावसायिक स्नूकरची वाट उघडली. मुंबईच्याच आदित्य मेहताने 2013 मध्ये इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली. तिथे डिंग जुनहुईने त्याला 5-0 ने हरवलं. 2023 मध्ये मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा व्यावसायिक दौऱ्यात दाखल झाला. तेव्हा चॅम्पियनशिप लीगचे सामने पुढच्या खेपेला लागले, तर निकाल लागल्याबरोबर चॅनेल बदलू नका. गुणतक्ता उघडून बसा आणि तळाच्या दोघांमधला सामना आवर्जून पाहा.