न वटलेला चेक आणि ट्रकखालचा माणूस

दोन वाहनांची टक्कर झाली की रस्त्यावरची गर्दी जागच्या जागी निकाल देऊन टाकते. दोष मोठ्या गाडीचा! मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मात्र घटनास्थळाचा पंचनामा, टायर घासल्याच्या खुणा, वाहने कुठे थांबली हे सारे पाहिले जाते. पंचनाम्याआधीच गाड्या बाजूला ओढल्या, तर पुढे वकिलांना मोकळे रान.

दोषाची वाटणी टक्क्यांत होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्कूटरवाला ३० टक्के चुकला असे ठरले, तर त्याची भरपाई तेवढी कापली जाते. मागे बसलेल्या त्याच्या बायकोची स्वतःच्या दुखापतीची भरपाई मात्र कापत नाहीत. दोन्ही चालक चुकले असतील, तर ती पूर्ण रक्कम कोणा एकाकडूनही मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई खटल्यात सांगितले. मला हा हिशेब माणुसकीचा वाटतो.

पण दोष ठरला तरी पैसे देणार कोण? इथे माझा जुना धंदा आठवतो. मी बँकेत असताना ट्रकमालकांचे विमा हप्त्याचे चेक शिल्लक नसल्याने परत जात. ‘साहेब, दोन दिवस थांबवा हो,’ ही विनवणी ठरलेली. १९३८च्या विमा कायद्याचे कलम ६४ व्हीबी म्हणते, आधी हप्ता, मग जोखीम. चेक वटला नाही आणि ट्रकने कुणाला चिरडले, तर कंपनी हात वर करणार.

सर्वोच्च न्यायालयाने इंदरजित कौर खटल्यात हे चालू दिले नाही. चेकवर भरवसा ठेवून पॉलिसी दिलीत ना, मग रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला त्याचा फटका का? मालकाला स्वतःच्या ट्रकच्या नुकसानीचे मात्र काही मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पुढे २०१२च्या लक्ष्मम्मा निकालाने मर्यादा घातली. अपघातापूर्वी पॉलिसी रद्द झाली आणि तसे मालकाला कळवलेले असेल, तर कंपनी सुटते.

म्हणून अशा दाव्यात घरच्या माणसांनी वकिलाकडून चार तारखा पक्क्या करून घ्याव्यात: चेक कधी परतला, पॉलिसी कधी रद्द झाली, मालकाला पत्र कधी पोचले आणि ट्रक कधी धडकला. बँकेचा मेमो आणि टपालाची पोचपावती, दोन्ही मागवता येतात.