बर्फावरचा संसार

पृथ्वीच्या उत्तर टोकास, जेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यदर्शन घडत नाही, तेथे पांढऱ्या अस्वलाचा संसार चालतो. शास्त्रज्ञांनी त्यास 'सागरी अस्वल' या अर्थाचे लॅटिन नाव दिले आहे, आणि ते सार्थ आहे. कारण हा प्राणी जगतो तो गोठलेल्या समुद्राच्या आधाराने.

नराचे वजन साधारणतः ३५० ते ६०० किलो, मादीचे त्याच्या निम्मे. त्याचे केस पांढरे भासतात, पण वस्तुतः ते रंगहीन व पारदर्शक असतात आणि त्यांखालची कातडी काळी असते. कातडीखालचा चरबीचा जाड थर थंडीपासून त्याचे रक्षण करतो व उपवासाच्या दिवसांत शिदोरी म्हणून उपयोगी पडतो.

सील हे त्याचे मुख्य अन्न. श्वास घेण्यासाठी सील बर्फातील भोकांपाशी वर येतात. अशा भोकाशी हे अस्वल तासन्‌तास निश्चल बसून राहते. एवढे करूनही शिकार बहुधा हुकतेच! वसंत ऋतूत सीलची पिल्ले जन्मतात, तेव्हा मात्र ते पोटभर खाऊन वर्षाची बेगमी करते.

कॅनडातील हडसन उपसागराचा बर्फ उन्हाळ्यात संपूर्ण वितळतो. मग तेथील अस्वले किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरात पाणी पुन्हा गोठेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतात. गर्भवती मादीची कसोटी याहून कठीण. इतर अस्वले बर्फावर परतली, तरी ती बिळातच राहते. ऐन हिवाळ्यात तिला बहुधा दोन पिल्ले होतात. जन्मतः प्रत्येकाचे वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो! स्वतः अन्नाचा कणही न घेता ती त्यांना स्निग्ध दूध पाजते. मार्चच्या सुमारास बाहेर पडेपर्यंत तिच्या उपवासास सुमारे आठ महिने लोटलेले असतात. पुढे सुमारे अडीच वर्षे पिल्ले आईच्या मागे हिंडून शिकारीचे धडे घेतात.

निसर्गाने घालून दिलेले हे वेळापत्रक आता विस्कटत आहे. हवामान तापल्यामुळे उपसागरातील बर्फ पूर्वीपेक्षा लवकर वितळतो व उशिरा गोठतो. बेगमीचे दिवस घटले, उपवासाचे वाढले. चरबी अपुरी असली की दूध आटते, आणि पहिला घाव पिल्लांवर पडतो. या उपसागराच्या पश्चिम भागात १९८७ च्या सुमारास सुमारे १२०० अस्वले होती. २०२१ च्या पाहणीत ती सुमारे ६०० भरली.

अनिर्बंध शिकारीस आळा घालण्यासाठी कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका व सोव्हिएत संघ या पाच राष्ट्रांनी १९७३ मध्ये करार केला, आणि अनेक ठिकाणी अस्वलांची संख्या सावरली. बंदुकीपासून अस्वलाचे रक्षण करारान्वये करता आले. परंतु वितळणारा बर्फ त्या पाच राष्ट्रांच्या स्वाक्षऱ्यांनी थांबणारा नाही. जगभरच्या चुली, गिरण्या व मोटारी यांचा धूर त्यास कारणीभूत आहे. म्हणूनच त्या दूरच्या मातेच्या उपवासाशी आपलाही संबंध पोहोचतो.