दिवाळीचा किल्ला आणि साधा कॅमेरा

दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला उभारणे हा महाराष्ट्रातील मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे. प्राणहिता ओलांडून तो आमच्या बेज्जूरकडील काही मराठी अंगणांतही आला. दगडविटांचा सांगाडा, त्यावर बारदान, चिखल, गेरूचा हात आणि हिरवळीसाठी पेरलेले अळीव, असा हा किल्ला फार तर तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो. मागे उरते ते छायाचित्र. आणि बहुधा तेच निराशा करते. मोठी माणसे उभ्याने, वरून फोटो काढतात आणि मुलांनी खपून उभारलेला गड त्यात मातीचा ढिगारा दिसतो.

याचे कारण दृष्टीच्या उंचीत आहे. ५ सेंटिमीटरचा मावळा १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा प्रतिनिधी मानला, तर प्रमाण १:३३ येते. म्हणजे दीड मीटरवरून टिपलेले दृश्य हे मावळ्याच्या जगात सुमारे ५० मीटर उंचीवरून पाहिल्यासारखे होय. म्हणून भिंग मावळ्याच्या डोळ्यांच्या पातळीस आणावे. मोबाइल उलटा धरल्यास हे सहज साधते.

याच प्रमाणात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड २५ मीटरचा करावा लागेल! अंगणातील किल्ल्यात माणसे व डोंगर यांचे प्रमाण एक नसतेच. मोठे मावळे पुढे महाद्वारापाशी आणि लहान मावळे वर बालेकिल्ल्यावर ठेवावेत; अंतराचा भास वाढतो.

दुसरी अडचण स्पष्टतेची. वस्तू जितकी जवळ, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. पुढचा मावळा स्पष्ट आणि मागचा बुरूज धूसर झाला, की खेळणे उघडे पडते. यासाठी कॅमेरा मीटरभर मागे घ्यावा व नको असलेल्या कडा नंतर कापाव्यात. अ‍ॅपर्चर बदलता येत असल्यास एफ-११ किंवा एफ-१६ ठेवावे. छिद्र लहान झाल्याने शटर अधिक वेळ उघडे राहते. तेव्हा कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर टेकवून टायमर लावावा.

प्रकाशासाठी सूर्यासारखा दिवा नाही. जवळच्या बल्बमुळे सावल्या फाकतात. सूर्यकिरण मात्र जवळजवळ समांतर असल्याने बोटभर बुरुजाची सावली खऱ्या बुरुजासारखीच पडते. सकाळचे किंवा दुपारी चारनंतरचे तिरपे ऊन तटाचा खडबडीतपणा उठावदार करते. सावलीच्या बाजूस पांढरा कागद धरावा, फ्लॅश बंद ठेवावा. खालून टिपल्यास दोरीवरचे कपडे टळून खरे आकाशच पार्श्वभूमीस येते.

आपण डॉक्टर मंडळी व्रणाचे छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवतो. तसाच किल्ल्याचाही एक फोटो मोजपट्टीसह, मुलांची नावे व साल लिहून घ्यावा.

लहान रुग्णाशी बोलताना आपण त्याच्या पातळीवर खाली बसतो. त्याच्या किल्ल्यासमोरही तसेच बसावे; त्याचे श्रम आपण मानले, हे मग शब्दांनी सांगावे लागत नाही. शक्य असेल तर कॅमेरा त्याच्याच हाती द्यावा. गडावर कोणत्या वाटेने चढायचे, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक असते.