टीव्ही बिघडला, की जोडणी तुटली?

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ भागातही स्मार्ट टीव्ही दिसू लागले आहेत. पडद्यावर 'नेटवर्क उपलब्ध नाही' असा संदेश झळकला, की टीव्हीच बिघडल्याची शंका येते. मात्र पुण्याहून तंत्रज्ञ बोलावण्याचा खर्च करण्यापूर्वी दोष घरच्या घरी शोधता येतो.

प्रथम त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का, ते पाहावे. तोही चालत नसल्यास दोष राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या केबलमध्ये असतो. मोबाइल चालत असल्यास राउटर व टीव्हीचे प्लग मिनिटभर काढून आधी राउटर, मग टीव्ही सुरू करावा आणि पासवर्ड पुन्हा भरावा.

भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झालेला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा संथ, पण अधिक दूर पोहोचणारा आहे. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींआड तोच उपयोगी पडतो; शिवाय अनेक स्वस्त टीव्हींना दुसरा पट्टा दिसतच नाही.

जोडणी होऊनही ॲप उघडत नसतील, तर टीव्हीतील तारीख-वेळ तपासावी. ती चुकीची असल्यास सुरक्षा-प्रमाणपत्रांची पडताळणी फसते. मोबाइलच्या हॉटस्पॉटलाही टीव्ही जोडला जात नसेल, तरच दुरुस्तीचा विचार करावा.