डबा सांडला, तरी पोट भरलं!

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोटात कावळे ओरडतायत. पण डब्याचं झाकण काही निघेना! जोर लावला आणि... धप्प! पोळी-भाजी थेट मातीत!

आता काय? उपाशी राहायचं?

छे! शेजारच्या बाकावरून एक घास आला. मागून इडलीचा तुकडा आला. कुणी पराठा दिला, कुणी चमचाभर पोहे. वर्गात ४० मुलं. तुला सोडून उरली ३९. म्हणजे चक्क ३९ घास! ढेकर येईल की!

आणि गंमत बघ. देणाऱ्यांपैकी कुणीही उपाशी राहिलं नाही. एक घास कमी झाला म्हणून कुणाचं पोट थोडंच रिकामं राहतं?

ओळख बरं, तुमच्या वर्गाने आत्ता काय केलं? विमा! हो, तोच विमा, ज्याचा हप्ता भरायची आठवण घरातली मोठी माणसं एकमेकांना करत असतात!

आता वर्गाने एक युक्ती काढली. दर महिन्याला प्रत्येकाने १ रुपया मॉनिटरकडे द्यायचा. झाले ४० रुपये. ज्याचा डबा सांडेल, त्याला त्यातून २० रुपयांचा वडापाव! तुझा १ रुपया म्हणजे 'हप्ता'. वडापाव म्हणजे 'भरपाई'. झालं, विम्यातले दोन मोठे शब्द आले तुला!

'पण माझा डबा वर्षभर सांडलाच नाही तर? १२ रुपये वाया गेले?' मुळीच नाही! वर्षभर तुला उपाशी राहायची धास्ती नव्हती. शिवाय तुझ्या रुपयाने कुणाचं तरी पोट भरलं.

थांब, एक अडचण आहे. ४० रुपयांत वडापाव येतात दोनच. मग महिन्याला साधारण दोनच डबे सांडतील, हे आधी कसं कळणार? ज्योतिष्याला विचारायचं?

नाही रे बाबा! एक नाणं घे. उडव. छापा की काटा? सांगताच येत नाही! आता वर्गातल्या ४० जणांनी प्रत्येकी १० वेळा नाणं उडवा. झाले ४०० वेळा. छापे मोज. २००च्या आसपासच येतील! करूनच बघा!

आहे की नाही अजब? एका नाण्याचं काही सांगता येत नाही, पण पुष्कळ नाण्यांचं बरंच सांगता येतं. डब्यांचंही तसंच. कुणाचा सांडेल, हे कुणालाच माहीत नाही. पण किती सांडतील, याचा अंदाज बांधता येतो. मागच्या काही महिन्यांची नोंद पाहायची, बस! मुलं जितकी जास्त, तितका अंदाज पक्का.

असा अंदाज माणसांच्या आयुष्याबद्दल कुणी बांधला, ठाऊक आहे? एडमंड हॅली यांनी! नाव ऐकल्यासारखं वाटतंय? हॅलीचा धूमकेतू! आता २०६१ साली पुन्हा येणार आहे ना, तोच. या आकाश बघणाऱ्या माणसाने ब्रेस्लाउ नावाच्या शहरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी घेतल्या. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. कोणत्या वयाची किती माणसं पुढचं वर्ष पाहतात, याचा तक्ता त्यांनी १६९३ साली छापला. आयुर्विम्याचं गणित अशाच तक्त्यांवर उभं राहिलं!

त्याच काळात लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफीचं दुकान होतं. १६८८च्या सुमाराची गोष्ट. तिथे जहाजांचे मालक यायचे. समुद्र म्हणजे केवढं संकट! जहाज बुडालं की मालक भिकेला लागायचा. मग एका कागदावर जहाजाची माहिती लिहायची. त्याखाली पैसेवाले लोक आपापली नावं लिहायचे. बुडालं तर कोण किती भार उचलणार, तेही लिहायचे. एकेकाचा एकेक घासच की!

१७९९ साली खरंच एक जहाज बुडालं. नाव ल्यूटिन. आत काय होतं? सोनं-चांदी! सोन्याने भरलेला डबाच सांडला म्हण ना! लॉइडच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या 'लॉइड्स' या विमा मंडळींनी भरपाई दिली. पुढे १८५८ साली त्या जहाजाची घंटा समुद्रातून वर काढली. ती आजही लंडनमध्ये लॉइड्सच्या इमारतीत टांगलेली आहे. पूर्वी जहाज बुडाल्याची बातमी आली की एक टोला पडायचा. हरवलेलं जहाज सुखरूप परतलं की दोन टोले पडायचे! घंटा का? बातमी सगळ्यांना एकाच वेळी कळावी, कुणी आधी कळल्याचा फायदा घेऊ नये, म्हणून.

बघ, विमा सगळा विश्वासावर चालतो! समज, वडापावच्या आशेने एखाद्याने भेंडीची भाजी मुद्दाम सांडली. मग? पैसे संपतील, आणि ज्याचा डबा खरंच सांडला तो उपाशी राहील. म्हणून पहिला नियम, खरं बोलायचं. दुसरा नियम, वस्तूंच्या विम्यात नुकसान जेवढं तेवढीच भरपाई. एक डबा सांडला तर एकच वडापाव, तीन नाहीत!

आणि सहलीला धो धो पाऊस आला, सगळ्यांचेच डबे भिजले तर? तेव्हा ४० रुपये कुठे पुरणार! पण तुम्ही शेजारच्या तुकडीशी आधीच ठरवून ठेवलं असेल, तर ती धावून येईल. विमा कंपन्याही असंच करतात. पूर आणि भूकंपासाठी त्या स्वतःचा विमा उतरवतात. त्याला म्हणतात पुनर्विमा. विम्याचाही विमा!

आता शेवटचं नवल. आपल्या देशात २०१५ पासून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. हप्ता किती? सध्या वर्षाला फक्त २० रुपये. एका वडापावाएवढे! अपघातात माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. गेलेलं माणूस पैशाने परत येत नाही. पण घरातली चूल पेटत राहते, मुलांची शाळा सुटत नाही.

२० रुपयांचे २ लाख कसे? वही काढ, गुणाकार कर. १०,००० माणसं गुणिले २० रुपये. किती आले? बरोब्बर २ लाख!

आज घरी विचार, आपल्याकडे कुणी ही योजना घेतली आहे का? असेल तर पासबुक उघडून बघ. वर्षातून एकदा २० रुपये वजा झालेले दिसतील. त्या ओळीवर बोट ठेव. कधीही न भेटलेल्या कुणाचा तरी डबा सांडला होता. त्यात तुझ्या घरचा हा एक घास गेला आहे!